खणाच्या कडा सुटू नयेत म्हणून साध्या मशीनवर काय करता येतं

ताई, तुम्ही लिहिलंय की घरी पायाने चालवायचं काळं मशीन आहे आणि त्यावर फक्त सरळ टीप पडते. खणाचे दोन ब्लाऊज अस्तर लावून शिवलेत. काही धुण्यांतच आतल्या कडांचे धागे सुटून गुंता झाला आणि एका ब्लाऊजला पाठीच्या टिपेशेजारी जाळीसारखं दिसायला लागलं. ओळखीचे टेलर म्हणाले, इंटरलॉक केल्याशिवाय, म्हणजे मशीनने कडा दोऱ्यांत गुंफून घेतल्याशिवाय, खण शिवूच नका. तेव्हा इंटरलॉक मशीन घ्यावं का, झिगझॅगवर, म्हणजे नागमोडी टाक्यावर भागेल का, आणि जे शिवून झालंय त्याचं काय करायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं मत आधीच सांगते. खणाच्या ब्लाऊजसाठी इंटरलॉक मशीन विकत घेऊ नका. तुमच्या काळ्या मशीनवर त्याहून चांगलं काम होतं, मात्र त्याची तयारी कापड बेतताना करावी लागते. बहुतेक जण ब्लाऊज शिवून झाल्यावर आतल्या कडांकडे बघतात. तोपर्यंत मार्जिन ठरलेलं असतं, तुकडे एकमेकांना जोडलेले असतात आणि हातात फारसे मार्ग उरत नाहीत.

कड का सुटते, हे एकदा कळलं की बाकीचं आपोआप सुचत जातं. विणलेल्या कापडात ताण्याचे उभे धागे आणि बाण्याचे आडवे धागे एकमेकांना फक्त अडवून धरतात. मूळ काठाशी आडवा धागा वळून परत आत जातो, म्हणून काठ सुटत नाही. कात्री लावली की ही वळणं तुटतात आणि कडेचा शेवटचा धागा निव्वळ घर्षणावर जागेवर राहतो. सुती धाग्याला बारीक लव असते, ती शेजारच्या धाग्याला धरून ठेवते. रेशीम, व्हिस्कोस, पॉलिएस्टर यांचे तंतू लांब आणि गुळगुळीत असतात, त्यांना धरायला काहीच नसतं. खणात ताणा बहुधा अशाच गुळगुळीत धाग्याचा असतो, पूर्वी रेशमाचा आणि आता बऱ्याचदा व्हिस्कोस किंवा पॉलिएस्टरचा. शिवाय बुट्ट्यांसाठी घातलेले धागे उलट बाजूला मोकळे तरंगत असतात. ब्लाऊजच्या बाजूची कड आपण जवळजवळ उभ्या धाग्याला समांतर कापतो, म्हणजे सगळ्यात निसरडा धागा नेमका कडेला येतो आणि एकामागून एक निघत जातो. मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतो त्या गोलाईचा, जो भाग तिरका कापला जातो तिथे हा त्रास कमी असतो, कारण तिथे धाग्यांची टोकं कडेला तिरपी येतात आणि अख्खा लांब धागा सुटून येऊ शकत नाही. तुमचा उसवलेला ब्लाऊज उलटा करून बघा, गुंता बाजूला जास्त आणि मुंढ्याच्या वळणावर कमी दिसेल.

पाठीला दिसणारी जाळी ही मात्र वेगळीच गोष्ट आहे आणि जगातलं कुठलंही इंटरलॉक तिला थांबवू शकत नाही. तिथे कड सुटलेली नाही, टीपही शाबूत आहे, पण टिपेच्या बाजूचे धागे ताणामुळे सरकून एकमेकांपासून दूर गेलेत. घट्ट ब्लाऊज, हात पुढे घेतल्यावर पाठीवर येणारा ओढा आणि निसरडं कापड हे तिन्ही एकत्र आले की असं होतं. यावर उपाय म्हणजे ओढा खणावर येऊच न देणं. शिलाईच्या जागी अस्तर आणि खण एकत्र धरून टीप मारली की ताण अस्तर घेतं. तुम्ही अस्तर कदाचित वेगळं शिवून आतून सैल सोडलं असेल, तसं केलं की सगळा भार एकट्या खणावर पडतो. त्याचबरोबर पाठ थोडी सैल ठेवा, टीप इंचाला साधारण 12 टाके पडतील इतकी बारीक ठेवा, सुई 11 नंबरची घ्या आणि मूळ टिपेपासून अर्धा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मार्जिनच्या बाजूला दुसरी टीप मारा. जाड किंवा बोथट सुई धागे बाजूला ढकलते आणि जाळीची सुरुवात तिथूनच होते.

आता मूळ कामाकडे. खणाचे प्रकार इतके आलेत की नावावरून काही कळत नाही, म्हणून बेतण्याआधी एक चिंधी कापून घ्या. तळहाताएवढी चिंधी पुरे. कापलेली कड नखाने बाहेरच्या बाजूला दोन-चारदा खरवडा. एखाद-दुसरा धागा सुटून थांबला तर कापड समजूतदार आहे. सगळी कड लगेच झालरीसारखी मोकळी झाली तर शिलाईचं मार्जिन दोन सूत वाढवूनच बेतायचं. तीच चिंधी साबणाच्या पाण्यात चोळून वाळवा. रंग जातो का, किती आटतं आणि कड किती खाली येते, हे तिन्ही एका वेळी समजतं.

अस्तर रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच वापरा. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं, खण आटत नाही आणि ब्लाऊज आतून ओढल्यासारखा दिसतो. खण धुवून घ्यायचा असेल तर पाण्यात घालण्याआधी दोन्ही कापलेल्या टोकांना सरळ टीप मारून घ्या. शुद्ध रेशमी खण मात्र भिजवू नका, त्याला उलट बाजूने इस्त्री पुरे.

मी शिवणाच्या वर्गात खणासाठी जी पद्धत शिकवते ती अशी, की अस्तरानेच खणाची कड गुंडाळायची. यात वेगळी पट्टी लागत नाही, झिगझॅग लागत नाही आणि आतून कुठे उघडी कड दिसत नाही. यासाठी अस्तराचे तुकडे खणाएवढेच कापायचे, फक्त ज्या कडा बाजूच्या शिलाईत जाणार आहेत तिथे अस्तर प्रत्येक कडेला अर्धा इंच जास्त ठेवायचं. म्हणजे पाठीच्या तुकड्याला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच, पुढच्या तुकड्याला फक्त काखेखालच्या बाजूला अर्धा इंच आणि बाहीला दोन्ही बाजूंना. बाकी गळा, मुंढा, खांदा, कंबर ही मापं अगदी सारखी.

टक्स आधी घालून घ्या, खणाला वेगळे आणि अस्तराला वेगळे. कटोरी असेल तर कटोरीही दोन्हीला वेगवेगळी जोडा. बाजूचा टक बाजूच्या शिलाईत जात असतो, त्यामुळे तो आधी घातला नाही तर कड गुंडाळल्यावर घालता येत नाही. मग खण आणि अस्तर सुलट बाजू आत येईल असे एकमेकांवर ठेवा आणि बाजूची कड कडेला लावा. अस्तर रुंद असल्यामुळे पाठीच्या तुकड्यात मधे थोडं फुगलेलं दिसेल, ते तसंच राहू द्या. कडेपासून दोन सूत, म्हणजे पाव इंच आत, वरपासून खालपर्यंत सरळ टीप. हाताला सवय नसेल तर फूटच्या उजव्या बाजूला मशीनच्या पट्टीवर चिकटपट्टी लावून खूण करा आणि कड त्या खुणेवरून चालवा. ही टीप वाकडी गेली तर गुंडाळलेली कड जाड-बारीक दिसते.

आता तुकडा सुलट करा. खणाची दोन सूत कड अस्तराच्या आत आपोआप गुंडाळली जाते आणि सुलट बाजूला अस्तराची दोन सुती बारीक कड पायपिंगसारखी दिसते. अर्धा इंच जास्तीचं अस्तर नेमकं इथेच खर्च होतं, पाव इंच कड वळून सुलट बाजूला येण्यात आणि पाव इंच शिलाईच्या आत. इस्त्रीने दाबून बसवा. मग सुलट बाजूने, अस्तराची कड आणि खण जिथे भेटतात त्या खाचेतून एक टीप मारा. गळा, मुंढा, खांदा, कंबर या कडांना खण आणि अस्तर एकत्र धरून कच्ची टीप घाला. इथून पुढे तो एकच तुकडा आहे असं समजून नेहमीसारखा ब्लाऊज जोडायचा, बाही आधी सपाट लावायची आणि शेवटी बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत एका दमात बाजूची टीप मारायची.

या पद्धतीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा फायदा वेगळाच आहे. आपल्याकडे ब्लाऊज वर्षानुवर्षं वापरले जातात. लग्नातला खणाचा ब्लाऊज दहा वर्षांनीही घालायचा असतो आणि म्हणून बाजूला इंच-दीड इंच माया, म्हणजे जास्तीचं कापड ठेवून आत दोन-तीन टिपा मारून ठेवतात, गरज पडली की एक टीप उसवायची. इंटरलॉकचं काम याच्या बरोबर उलट चालतं. त्याची सुरी शिवता शिवता कड कापत जाते आणि घाईत दोन्ही थर एकत्र इंटरलॉक करून दिले की आतली माया कापली तरी जाते किंवा एकत्र बांधली तरी जाते. नंतर सैल करायचं म्हटलं की आधी ते सगळं इंटरलॉक उसवत बसावं लागतं आणि तेवढ्यात खणाची कड आणखी चुरगळते. अस्तराने गुंडाळलेली कड पुढच्या आणि मागच्या तुकड्याला वेगवेगळी असते, माया पूर्ण राहते, आणि पाहिजे तेव्हा आतली टीप उसवा, कडेला हात लावायची गरज पडत नाही. टेलरकडे शिवायला टाकलंत तरी एवढं जरूर सांगा, की बाजूला इंटरलॉक करायचंच असेल तर जोडण्याआधी प्रत्येक तुकड्याला सुटं करा.

मुंढ्याला मात्र ही पद्धत चालत नाही, कारण तिथे गोलाई आहे. तिथे घाम आणि घासणं दोन्ही जास्त, आणि पुढे माया सोडायची गरज नसते. बाही लावून झाली की त्याच शिलाईच्या बाहेर एक सूत अंतरावर दुसरी टीप मारा. मग मार्जिन तीन सुतांवर एकसारखं कापा आणि अस्तराच्याच कापडाची सव्वा इंच रुंदीची तिरपी पट्टी लावून दोन्ही थर एकत्र बंद करा. पट्टी कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला 45 अंशात कापलेली हवी, तरच ती गोलाईवर चुण्या न पडता बसते. लावताना पट्टी किंचित ओढून धरा, मुंढा अजिबात ओढू नका. गळा तुम्ही पायपिंग किंवा आतल्या पट्टीने बंद करताच, तिथे वेगळं काही नको. फक्त खणाच्या गळ्याला कात्रीने कट देण्याआधी रेषेच्या अगदी शेजारी एक बारीक टीप मारून ठेवा. खण कटपाशी लगेच फाटत जातो.

अस्तर नसलेल्या किंवा वेगळ्या कापडाला साध्या मशीनवर काय करायचं, तेही सांगते. लोकांना वाटतं सरळ टिपेच्या मशीनला कडा जमत नाहीत. पण झिगझॅग टाक्याच्या यंत्राचं पेटंट अमेरिकेत हेलन ब्लँचर्ड यांनी 1873 मध्ये घेतलं आणि कनेक्टिकटमधल्या मेरो कंपनीची कड गुंफणारी यंत्रं 1880च्या दशकातली. त्याआधीही मशीनवर कपडे शिवले जात होते आणि टिकतही होते, कारण शिंपी कड दुमडून, गुंडाळून किंवा शिलाईच्या पोटात घालून बंद करत.

मलमल, व्हॉइल, जॉर्जेट, शिफॉन, बाळाची झबली यांना फ्रेंच शिलाईच करावी असं माझं ठाम मत आहे. अर्धा इंच मार्जिन ठेवा. आधी उलट बाजू आत, म्हणजे सुलट बाजू बाहेर येईल असे तुकडे ठेवून कडेपासून दोन सुतांवर टीप. मार्जिन छाटून एक सुतावर आणा, सुटलेले धागे नीट कापा, तुकडा उलटवा, इस्त्री करा आणि आता सुलट बाजू आत ठेवून दुमडीपासून दोन सुतांवर दुसरी टीप. कड शिलाईच्या आत कायमची बंद होते. छाटताना आळस केला तर सुलट बाजूला शिलाईतून धाग्यांच्या मिशा बाहेर डोकावतात, त्या नंतर काढता येत नाहीत. तान्ह्या बाळाच्या कपड्यात ही शिलाई मला इंटरलॉकपेक्षा कितीतरी बरी वाटते, आतून काही टोचत नाही. सरळ शिलाईला ती उत्तम, खोल गोलाईला नको.

पॉपलीन, केम्ब्रिक, साधी खादी यांना जोडण्याआधी कड एक सूत दुमडून सरळ टीप मारली तरी पुरतं. दुमडायला जड जात असेल तर आधी कडेपासून एक सुतावर नुसती टीप घाला, कड त्या टिपेवर आपोआप वळते. शर्टाच्या बाजूला आणि जीन्सला जी दुहेरी टिपेची चपटी शिलाई असते तीही साध्या मशीनचीच, एक मार्जिन अर्धं छाटून दुसऱ्याने झाकायचं आणि वरून टीप मारायची. लिननचं जाकीट, कोट असल्या बिनअस्तराच्या जाड कपड्यांना प्रत्येक कड तिरप्या पट्टीने वेगवेगळी बांधावी. वेळ लागतो, पण आतून बघायलाही कपडा देखणा होतो.

पातळ कापडाची सुरुवातीची कड मशीनच्या छिद्रात ओढली जात असेल तर खाली बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा, नंतर फाडून टाका. शिफॉनसारखं कापड हातात थांबतच नसेल तर बेतण्याआधी पातळ खळ देऊन इस्त्री करा. कापताना आणि शिवताना ते कागदासारखं वागतं आणि कडा निम्म्याने कमी सुटतात. रेशमाला आणि जरीला खळ लावू नका. ब्रोकेडला त्याऐवजी उलट बाजूने कडेशी पातळ फ्यूजिंगची अर्धा इंची पट्टी इस्त्रीने चिकटवा. आणि कापून ठेवलेले तुकडे दिवसेंदिवस पिशवीत कोंबू नका. ज्या दिवशी कापाल त्याच दिवशी निदान कडेला एकेक टीप तरी घाला. अर्धी कड हाताळण्यातच सुटते.

झिगझॅगचं मशीन मिळालं, बहिणीचं असलं किंवा पुढे कधी घेतलंत, तर ते इंटरलॉकच्या आधी घेण्यासारखं आहे, कारण त्यावर काजं, पिको, होजिअरीची शिलाई हेही होतं. कडेसाठी रुंदी 4 ते 5 आणि लांबी दीड ते दोन मिलिमीटर ठेवा. सुई डावीकडे कापडात उतरली पाहिजे आणि उजवीकडे कडेच्या जेमतेम बाहेर. दोन्ही टाके कापडात पडले तर बाहेरचे धागे सुटतातच, आणि फार बाहेर पडले तर कड गुंडाळून नळीसारखी होते. पातळ कापडाची तशी नळी होत असेल तर रुंदी 3 वर आणा, वरच्या दोऱ्याचं टेन्शन थोडं सैल करा. किंवा रुंद मार्जिनच्या आतच झिगझॅग मारा आणि मग बाहेरचं कापड टाक्याच्या अगदी शेजारून छाटा. खणाला मी हीच दुसरी तऱ्हा वापरायला सांगते, अगदी कडेवर मारलेलं झिगझॅग कडेच्या धाग्यांसकट निघून येतं. काही मशीनसोबत मधे बारीक तार असलेलं कडेचं फूट येतं. ती तार कड सपाट धरते, म्हणून नळी होत नाही. पण ते लावल्यावर रुंदी 5 च्या खाली आणू नका आणि सरळ टीपही मारू नका, सुई तारेवर आपटून तुटते. काळ्या मशीनला लावायचं झिगझॅगचं जोडही मिळतं. ते सुईऐवजी कापड डावी-उजवीकडे हलवतं, त्यामुळे मध्यम जाडीच्या सुती कापडाला ठीक, खणाला आणि शिफॉनला त्याचा उपयोग होत नाही.

इंटरलॉक, म्हणजे मशीनवर ओव्हरलॉक लिहिलेलं असतं ते, कोणी घ्यावं? ज्यांच्याकडे रोज ड्रेस, कुर्ते, पेटीकोट, गाऊन शिवायला येतात त्यांनी जरूर घ्यावं. त्याचा वेग आणि सारखेपणा दुसऱ्या कशात नाही, आणि टी-शर्टच्या कापडाला तर त्याच्याइतकी ताणली जाणारी शिलाई साध्या मशीनवर होतच नाही. पण घरातल्या घरात वर्षाला मोजके ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला त्याचा दोराच परवडत नाही. साध्या टिपेला एक मीटर शिलाईसाठी साधारण अडीच मीटर दोरा जातो, झिगझॅगला सात, आणि तीन दोऱ्यांच्या ओव्हरलॉकला सुमारे 14 मीटर. म्हणून त्याला लहान रिळं पुरत नाहीत, मोठे कोन घ्यावे लागतात, तेही प्रत्येक रंगाचे तीन-तीन. आणखी एक गैरसमज आहे. तीन दोऱ्यांचं इंटरलॉक कड बांधण्यासाठी आहे, विणलेल्या घट्ट कपड्याची जोडणी एकट्या त्याच्या भरवशावर सोडू नका, आत सरळ टीप हवीच. त्याला उलटी टीप मारता येत नाही, तेव्हा शेवटी बोटभर साखळी सोडा आणि ती सुईने टाक्यांत ओवून घ्या किंवा दुसऱ्या शिलाईखाली दाबा. टाचण्या लावून शिवू नका, सुरी टाचणीवर गेली की संपली. सुरी बोथट झाल्यावर कडेला कापसासारखे पुंजके दिसू लागतात, तेव्हा टेन्शन फिरवत बसण्यापेक्षा सुरी बदला.

मेणबत्ती किंवा अगरबत्तीने कड जाळण्याचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. शंभर टक्के पॉलिएस्टरच्या लेसच्या टोकाला तो ठीक आहे. खणात बहुधा सुती धागा असतो, तो वितळत नाही, जळतो, आणि वितळलेल्या पॉलिएस्टरचे कडक मणी काखेत टोचत राहतात. ब्लाऊजला हा उपाय करूच नका. नागमोडी कात्रीने कापलेली कड पॉपलीनला थोडे दिवस साथ देते, खणाला नाही. कड चिकटवायचं द्रव औषध कट दिलेल्या कोपऱ्याला थेंबभर चालतं, लांब कडेला लावलं तर कड ताठ होते आणि डागही पडू शकतो.

राहिले तुमचे शिवलेले दोन ब्लाऊज. ज्याच्या फक्त कडा सुटल्यात तो वाचतो. उलटा करा, गुंता ओढून तोडू नका, ओढलेला धागा आणखी चार धागे घेऊन येतो. कात्रीने कडेलगत कापा. बाजूला माया किती उरली ते मोजा. निदान पाऊण इंच असेल तर पुढचा आणि मागचा थर वेगवेगळा धरून, मूळ टिपेपासून अर्धा इंच बाहेर खण आणि अस्तर एकत्र घेऊन बारीक टीप मारा, त्या टिपेच्या बाहेर एक सूत ठेवून बाकीचं छाटा आणि तिरपी पट्टी लावा. माया त्याहून कमी उरली असेल तर दोन्ही थर एकत्र बांधा. पुढे सैल करता येणार नाही, पण कापड टिकेल.

जाळी पडलेल्या पाठीला आतून आधार द्यावा लागेल. ती शिलाई उसवा, सरकलेले धागे सुईच्या टोकाने हळूहळू जागेवर ढकला आणि उलट बाजूने पातळ, मऊ फ्यूजिंगची इंचभर रुंद पट्टी इस्त्रीने बसवा. खणात पॉलिएस्टर असेल तर इस्त्री मध्यम ठेवा आणि मधे सुती फडकं घाला. मग अस्तर सोबत धरून दोन्ही टिपा पुन्हा मारा, पहिली टीप जुन्या जागेपासून अर्धा सूत आत घेऊन. तेवढी पाठ घट्ट होईल, म्हणून बाजूची एक टीप उसवून तेवढंच माप तिथून सोडा. असा ब्लाऊज धुताना पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा आणि सावलीत सपाट वाळवा.